ऑनलाइन अध्यापन आणि प्राध्यापकांच्या परिषदा

शेतकऱ्याचे पीक बांधावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. सुताराने केलेले दार चौकटीत नीट बसते की नाही, हे घरातील मूलही सांगू शकते. अध्यापकाच्या कामाचे मात्र तसे नाही. वर्गाचे दार एकदा लोटले की आत काय घडले हे दुसरा अध्यापक सहसा पाहत नाही. व्याख्यान रंगले आणि विद्यार्थी शांत बसून राहिले, एवढ्यावरून त्यांना विषय कळला असे म्हणता येत नाही. परीक्षेचा निकाल लागतो तो कित्येक महिन्यांनी. आणि त्या निकालात घरचा अभ्यास, खासगी शिकवणी, मार्गदर्शक पुस्तके व नशीब ही सर्व इतकी मिसळलेली असतात की त्यांतून अध्यापकाच्या कामाचा वाटा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य होते.

अध्यापन ऑनलाइन झाले म्हणजे ही अडचण आणखी वाढते. वर्गात निदान चेहरे दिसतात. कपाळावरची आठी पाहून अनुभवी प्राध्यापक एखादा मुद्दा पुन्हा सांगतो. संगणकाच्या पडद्यावर केवळ नावांची यादी असते, आणि यादीतील नावापलीकडे विद्यार्थी ऐकत आहे की नाही हे कळण्यास मार्ग नसतो. अशा स्थितीत अध्यापनाची एखादी नवी रीत खरोखर गुणकारी आहे काय, याची परीक्षा कोणी व कशी करावी? महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी भरणाऱ्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदा हे या प्रश्नाचे एक उत्तर होय. या परिषदांचे काम कसे चालते, त्यांतून आजवर काय निष्पन्न झाले आणि त्या कोठे उण्या पडतात, याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

पूर्वपीठिका

दूरवरच्या विद्यार्थ्यापर्यंत यंत्राच्या साह्याने ज्ञान पोहोचविण्याचे प्रयत्न भारताला नवे नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने ‘साइट’ नावाचा प्रयोग पार पडला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून पोहोचविण्यात आले. याच प्रयोगात प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या सुमारे ५०,००० शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण खेड्यात संच बसविला तरी तो संच वर्गाच्या उपयोगी पडावयाचा तर प्रथम शिक्षक तयार व्हावा लागतो, हे त्या काळीच ओळखले गेले होते.

त्यानंतर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरचित्रवाणीवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उच्च शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. २००३ मध्ये सात भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला आणि अभियांत्रिकीची संपूर्ण व्याख्यानमाला कोणालाही विनामूल्य पाहता येईल अशी सोय केली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी बनविलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्याची सेवा २०१० मध्ये संपली. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय व्यासपीठाचे राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झाले.

या साऱ्या उपक्रमांनी उत्तम अध्यापकाचा आवाज दूरवर नेला. परंतु तो आवाज ऐकून विद्यार्थी शिकतो कसा, आणि त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उपग्रहाने सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी अध्यापकांनीच एकत्र बसणे आवश्यक होते.

परिषदेची घडण

भारतात या विषयाला वाहिलेली एक प्रमुख परिषदमाला ‘टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन’ म्हणजेच ‘शिक्षणासाठी तंत्रज्ञान’ या नावाने ओळखली जाते. तिचे आटोपशीर नाव ‘टी-फोर-ई’ असे आहे. विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या ‘आय. ई. ई. ई.’ या जागतिक संस्थेच्या आश्रयाने तिची पहिली बैठक ऑगस्ट २००९ मध्ये बंगळूर येथे झाली. पुढल्याच वर्षी ती मुंबईस पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भरली आणि नंतर चेन्नई, हैदराबाद, खरगपूर, वरंगळ अशा निरनिराळ्या ठिकाणी फिरत राहिली. २०१६ च्या अखेरीस पवई येथे आशिया-प्रशांत विभागाची ‘शिक्षणातील संगणक’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद आणि टी-फोर-ई या दोन्ही लागोपाठ झाल्या.

अशा परिषदेत निबंध वाचावयाचा तर तो काही महिने आधी लिहून पाठवावा लागतो. संयोजक तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतात. प्रयोग कसा केला, किती विद्यार्थ्यांवर केला, मोजमाप कशाने केले आणि काढलेला निष्कर्ष त्या मोजमापातून खरोखर निघतो काय, हे परीक्षक तपासतात. बरेच निबंध या पायरीवर परत जातात, तर काही दुरुस्त करून घेतले जातात. जे स्वीकारले जातात त्यांचे वाचन परिषदेत होते. वाचनास वेळ थोडाच, पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटे, मिळतो. आणि त्यानंतर सभागृहातून प्रश्न येतात. ज्याने स्वतः शंभर विद्यार्थ्यांना हाच विषय शिकविला आहे असा अनोळखी मनुष्य उठून विचारतो, “तुमचे विद्यार्थी आधीच हुशार नव्हते कशावरून?” परिषदेचे खरे मूल्य या एका प्रश्नात साठविलेले आहे. घरी अथवा स्वतःच्या महाविद्यालयात असा प्रश्न विचारणारा माणूस सहसा भेटत नाही.

निबंधवाचनाखेरीज परिषदेत कार्यशाळा असतात. तेथे प्राध्यापक स्वतः विद्यार्थ्याच्या बाकावर बसून नवी पद्धत अनुभवतात. भिंतीवर लावलेल्या फलकांपुढे उभे राहून अपुऱ्या, चालू कामाविषयी चर्चा होते. अखेरीस सर्व निबंधांचा वृत्तांतग्रंथ प्रसिद्ध होतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांनाही तो वाचता येतो.

तुलना कशी करावी

वर उल्लेखिलेला प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका प्राध्यापकाने विद्युतमंडलाचा धडा सकाळच्या तुकडीला संगणकावरील चलत्चित्रांच्या साह्याने शिकविला आणि दुपारच्या तुकडीला नेहमीप्रमाणे खडू-फळ्यावर. चाचणीत सकाळच्या तुकडीला सरासरी दहा गुण अधिक मिळाले. चलत्चित्रांचा हा विजय मानावा काय?

घाईने तसे म्हणता येणार नाही. कदाचित सकाळच्या तुकडीत अधिक गुणांचे विद्यार्थी असतील. कदाचित दुपारी उकाड्याने मुले पेंगत असतील. नव्या साधनाच्या उत्साहात प्राध्यापकाने सकाळी अधिक तयारी केली असेल आणि अधिक उदाहरणे दिली असतील. किंवा चाचणीतील प्रश्न चित्रांत दाखविलेल्या आकृत्यांसारखेच असतील. यांपैकी प्रत्येक कारण दहा गुणांचा फरक घडविण्यास पुरेसे आहे.

म्हणून शास्त्रशुद्ध प्रयोगात काही पथ्ये पाळावी लागतात. धड्यापूर्वी दोन्ही तुकड्यांची चाचणी घेऊन त्या समान आहेत काय हे पाहावे. शक्य तर विद्यार्थ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी. दोन्हीकडे तेवढाच वेळ, तोच मजकूर आणि शक्य तर तोच अध्यापक असावा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास विद्यार्थी कोणत्या तुकडीचा हे ठाऊक नसावे. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन शिकलेले टिकले की नाही हे पाहावे. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात ही सर्व पथ्ये पाळणे नेहमी शक्य होत नाही. परंतु कोणते पथ्य पाळता आले नाही हे प्रांजळपणे नोंदविले, तरी निष्कर्षावर किती विसंबावे हे वाचणाऱ्यास ठरविता येते.

वाहन आणि माल

अशा तुलना जगभर पुष्कळ झाल्या आहेत. आकाशवाणी आली तेव्हा तिची वर्गाशी तुलना झाली, तशीच चित्रपटाची, दूरचित्रवाणीची आणि संगणकाचीही. टॉमस रसेल या अमेरिकन अभ्यासकाने अशा शेकडो अभ्यासांची जंत्री १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचे तात्पर्य एकच होते: माध्यम बदलल्याने शिकण्यात लक्षणीय फरक पडत नाही.

याची मीमांसा रिचर्ड क्लार्क या शिक्षणशास्त्रज्ञाने १९८३ मध्येच केली होती. त्याच्या मते माध्यम हे वाहनासारखे आहे. किराणा माल कोणत्या मालमोटारीतून आला यावर खाणाऱ्याचे पोषण अवलंबून नसते, तर माल कोणता यावर असते; त्याचप्रमाणे शिकणे हे माध्यमावर नसून अध्यापनाच्या पद्धतीवर अवलंबून असते. रॉबर्ट कोझ्मा या दुसऱ्या अभ्यासकाने यास आक्षेप घेतला. काही माध्यमांच्या अंगी विशिष्ट सामर्थ्य असते, आणि त्या सामर्थ्याचा उपयोग करणाऱ्या पद्धती त्या माध्यमावाचून शक्यच नसतात, असे त्याचे म्हणणे. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. तथापि दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: केवळ यंत्र आणून ठेवल्याने शिक्षण सुधारत नाही.

मग फरक कशाने पडतो? यावर २०१४ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या महाविद्यालयीन अध्यापनासंबंधी २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. जेथे केवळ व्याख्यान होते तेथे नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, आणि जेथे विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करावयास, बोलावयास व सोडवावयास लावले जात होते तेथे ते २१.८ टक्के आढळले.

अशीच एक रीत म्हणजे फ्रँक लायमन याने १९८१ मध्ये सुचविलेली ‘विचार करा, जोडीने बोला, सर्वांस सांगा’ ही पद्धत. अध्यापक प्रश्न घालतो. प्रत्येक विद्यार्थी प्रथम एकट्याने विचार करून लिहितो. मग शेजाऱ्याशी चर्चा करतो. आणि शेवटी काही जोड्या आपले उत्तर वर्गापुढे मांडतात. एवढ्या मोठ्या आपल्या वर्गांत हे कसे साधणार, अशी शंका भारतीय प्राध्यापकास येणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी संगणक-आज्ञावलीच्या पहिल्या वर्षाच्या अशाच एका मोठ्या वर्गात ही पद्धत वापरून निरीक्षणे केली आणि २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ती मांडली. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. या पद्धतीस कागद आणि पेन्सिल यांवाचून काहीही लागत नाही.

ध्वनिचित्रित पाठांसंबंधीही परिषदांतून उपयुक्त माहिती मिळाली आहे. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे मोठ्या प्रमाणावरील ऑनलाइन शिक्षणाविषयी परिषद भरली. तीत फिलिप गुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एडएक्स’च्या चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास सादर केला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी तो मध्यमानाने सहा मिनिटांपलीकडे पाहत नव्हते. वर्गात चित्रित केलेल्या तासाभराच्या व्याख्यानाचे पुढे तुकडे पाडले, तरी मुळातच छोट्या पाठासाठी योजलेल्या व्हिडिओइतके ते परिणामकारक ठरत नव्हते. अर्थात पाहणे म्हणजे शिकणे नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

स्वतःची भावना या बाबतीत किती फसवी असते, हे २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील लुई डेलोरिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. भौतिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ओघवते व्याख्यान ऐकले. दुसऱ्या गटाने तोच मजकूर स्वतः प्रश्न सोडवून अभ्यासला. चाचणीत दुसऱ्या गटास अधिक गुण मिळाले. परंतु आपण अधिक शिकलो असे वाटले ते पहिल्या गटाला! सुबोध व्याख्यान ऐकताना सर्व समजल्याचा भास होतो, तर स्वतः धडपडताना आपले अज्ञान जाणवते. विद्यार्थ्यांच्या पसंतीवरून किंवा अध्यापकाच्या समाधानावरून पद्धतीची किंमत ठरवू नये, ती मोजून पाहावी, असा आग्रह या परिषदांतून धरला जातो, याचे कारण हेच.

कसोटीचा काळ

डिसेंबर २०१९ मध्ये टी-फोर-ई ही परिषद गोव्यात भरली. ती दहावी होती. त्या वेळी जमलेल्या प्राध्यापकांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना असणे शक्य नव्हते. कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि जी गोष्ट तोवर थोड्या हौशी अध्यापकांची होती ती एका आठवड्यात सर्वांच्या गळ्यात पडली.

त्याच मार्च महिन्यात चार्ल्स हॉजेस व इतर अमेरिकन अभ्यासकांनी एक महत्त्वाचा भेद मांडला. नीट योजना करून, महिनोगणती तयारीने उभे केलेले ऑनलाइन शिक्षण वेगळे, आणि संकटात तात्पुरती सोय म्हणून दुरून चालविलेले अध्यापन वेगळे. दुसऱ्याचे दोष पाहून पहिल्यास नावे ठेवणे योग्य नव्हे. आणि दुसऱ्याची सोय झाली म्हणून पहिले साधले असे समजणेही योग्य नव्हे.

भारतात तर अडचण याहून मूलभूत होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्केच होती. संगणक असलेली कुटुंबे शहरांत २३.४ टक्के आणि ग्रामीण भागात अवघी ४.४ टक्के. ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्याच्यासाठी सकाळी दहा वाजताचे थेट व्याख्यान असून नसल्यासारखे होते. छोटे ध्वनिमुद्रित पाठ, आधी पाठविलेल्या टिपणे व प्रश्नपत्रिका, आणि सवडीने उत्तर पाठविण्याची मुभा या साध्या उपायांनी अशा विद्यार्थ्याचे काही भागू शकत होते. हे उपाय जाणकारांना नवे नव्हते. परिषदांच्या वृत्तांतग्रंथांत त्यांची चर्चा आधीच झालेली होती. ती सर्वसामान्य महाविद्यालयाच्या अध्यापककक्षापर्यंत मात्र पोहोचली नव्हती.

उणिवा आणि उपाय

याला काही अंशी परिषदांची रचनाच कारणीभूत आहे. परिषदेची नोंदणी, प्रवास व मुक्काम यांचा खर्च तालुक्याच्या गावातील तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकास परवडणारा नसतो. कामकाज बहुधा इंग्रजीत चालते. प्रायोजक कंपन्यांच्या दालनांत यंत्रांची झगमग असते, आणि दाखविणाऱ्यास विक्री करावयाची असल्याने ‘विद्यार्थी यातून शिकले काय’ हा प्रश्न तेथे मागे पडतो.

दुसरे कारण प्रमाणपत्राचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि परिषदेत निबंध वाचण्यासही गुण ठेवले. हेतू चांगला होता. परंतु गुण निबंधाच्या कसापेक्षा संख्येला मिळू लागले, तेव्हा ठिकठिकाणी अशी चर्चासत्रे भरू लागली की ज्यांत परीक्षण नाही, प्रश्न नाहीत, आणि भोजनोत्तर सभागृहात श्रोतेही नाहीत. २०१८ च्या नव्या नियमांनी ही पद्धत पुष्कळशी बदलली. तरी पडलेली सवय एकाएकी जात नाही.

उपायही याच क्षेत्रातून निघाले आहेत. राष्ट्रीय शिक्षण-तंत्रज्ञान अभियान २००९ मध्ये सुरू झाले. त्याच्या साह्याने पवईच्या संस्थेत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना राबविण्यात आली. तीत व्याख्याता पवईस असे, आणि देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील केंद्रांवर अध्यापक जमत. अमृता विश्वविद्यापीठात तयार झालेल्या ‘ए-व्ह्यू’ या प्रणालीने दोन्ही बाजूंस परस्परांना पाहता व प्रश्न विचारता येई. विशेष असे की प्रत्येक केंद्राच्या समन्वयकास आधी पवईस बोलावून तयार केले जाई, आणि प्रात्यक्षिके त्या-त्या केंद्रावर त्याच्या देखरेखीखाली होत. व्याख्यान दुरून, परंतु हाताचे काम व शंकानिरसन जवळून, अशी ही विभागणी होती. ‘साइट’च्या काळी शिक्षकाला आधी तयार करण्याचे जे धोरण होते, त्याचेच हे पुढचे रूप म्हणता येईल.

प्राध्यापकाने काय करावे

एखाद्या परिषदेचे निमंत्रण हाती आले म्हणजे प्राध्यापकाने तीन गोष्टी पाहाव्यात. निबंधांचे परीक्षण जाणकारांकडून होते काय? प्रश्नोत्तरांस पुरेसा वेळ ठेवला आहे काय? आणि मागील वर्षांचे निबंध वाचावयास मिळतात काय? या तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर तेथे प्रवासखर्च व रजा घालविण्यात अर्थ नाही. ज्यास जाणे शक्य नाही त्याने निदान वृत्तांतग्रंथ मिळवून वाचावा. आणि एका महाविद्यालयातील चार-पाच अध्यापकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून त्यातील एखादा निबंध चर्चेस घ्यावा. परिषदेचे अर्धे काम तेवढ्याने होते.

जो जाऊन येतो त्याचे कर्तव्य याहून मोठे आहे. परत आल्यावर त्याने सर्व नव्या गोष्टी एकदम सुरू करू नयेत. एक धडा निवडावा. त्यापूर्वी व त्यानंतर दहा प्रश्नांची लहानशी चाचणी घ्यावी. आणि जे आढळेल ते, मनासारखे असो वा नसो, सहकाऱ्यांपुढे ठेवावे. अपयशाची नोंदही तितकीच मोलाची असते, कारण तिच्यामुळे दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे एक सत्र वाया जाण्याचे टळते. गावोगावच्या अध्यापककक्षांत अशा नोंदी होऊ लागल्या, तर पुढील संकटाच्या वेळी पहिल्या पिढीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ पडद्यावरच्या नावांच्या यादीत उरावे लागणार नाही.